नातीच्या सुट्टीतले सव्वीस भाग

गेल्या मे महिन्यात आमची नात बेंगळुरूहून सुट्टीला आली, ती उजव्या पायाला प्लॅस्टर घालूनच. सायकलवरून पडली होती. एरवी बेळगावात पाऊल टाकलं की तिचे बेत ठरलेले असतात. खडेबाजारातून एक फेरी, आजोबांच्या मागे लागून राजहंसगड, आणि परत जाताना आईसाठी कुंद्याचा डबा. या खेपेला त्यातला फक्त कुंदा उरला. दिवसभर दिवाणावर पाय लांब करून बसायचं आणि मांडीवर लॅपटॉप.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा फोडत तिच्याशेजारी बसले होते. पडद्यावर जांभळ्या केसांची एक बाई उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली उडी टाकत होती. "कार्टून का गं?" मी विचारलं. तिने माझ्याकडे वळूनही न पाहता सांगितलं, "सुम्मने नोडु, अज्जी." आजी-आजोबांशी मराठी आणि आईशी कन्नड, अशी तिची वाटणी आहे, पण हुकूम सोडायचा झाला की तो कन्नडमध्येच सुटतो. मी निमूट बघत राहिले. शेंगा संपल्या तरी उठले नाही. महिनाभरात आम्ही दोघींनी त्या मालिकेचे सव्वीसच्या सव्वीस भाग पाहिले. जपानी बोलणं, खाली धावणारी इंग्रजी अक्षरं, आणि जिथे मी अडायची तिथे नातीचं दीड भाषेतलं निरूपण.

मालिकेचं नाव 'घोस्ट इन द शेल : स्टँड अलोन कॉम्प्लेक्स'. २००२ च्या ऑक्टोबरात ती जपानमध्ये दाखवायला सुरुवात झाली. दिग्दर्शक केन्जी कामियामा, निर्मिती 'प्रॉडक्शन आय. जी.' या संस्थेची, संगीत योको कान्नो या बाईंचं. मूळ चित्रकथा मासामुने शिरो यांची, १९८९ साली सुरू झालेली. तिच्यावर मामोरू ओशी यांनी १९९५ साली काढलेला चित्रपट जगभर गाजला होता. मालिकेने पात्रं तीच घेतली, पण कथा नवी रचली. सुरुवातीचं गाणं रशियन गायिका ओरिगा हिने म्हटलं आहे. त्यात रशियन आहे, लॅटिन आहे, मधूनच इंग्रजी आहे, आणि कार्यक्रम जपानी. आमच्या घराला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे भाजीला फोडणी पडेपर्यंत तीन भाषा होऊन जातात.

गोष्ट घडते २०३० साली. बहुतेकांच्या मेंदूत यंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे फोन न लावता माणसं मनातल्या मनात एकमेकांशी बोलतात. ज्याला परवडेल तो हात, पाय, डोळे बदलून घेतो. नायिका मोतोको कुसानागी, जिला सगळे 'मेजर' म्हणतात, तिचं तर सगळं शरीरच बनवलेलं आहे. मग तिच्यात तिचं स्वतःचं असं काय उरलं? जे उरलं त्याला मालिकेत 'घोस्ट' म्हणतात. आर्थर कोस्लर यांच्या १९६७ च्या 'द घोस्ट इन द मशीन' या पुस्तकाच्या नावावरून शिरो यांना हे नाव सुचलं. नातीने मला विचारलं, मराठीत काय म्हणशील? भूत म्हटलं तर चिंचेवरचं आठवतं, कन्नडमधलं 'देव्व' त्याहून वाईट. आत्मा म्हणावं तर प्रवचन सुरू झाल्यासारखं होतं. शेवटी 'जीव' या शब्दावर आमचं एकमत झालं. दोन्ही भाषांत चालतो.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळते. ही मालिका गोष्ट कशी सांगते, हे मला पहिले पाच-सहा दिवस समजलंच नव्हतं.

प्रत्येक भागाच्या नावापुढे एक खूण असते. काहींपुढे 'एसए', म्हणजे स्टँड अलोन, आपल्या पायावर उभा असलेला भाग. तो तिथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. काहींपुढे 'सी', म्हणजे कॉम्प्लेक्स. हे भाग मोठ्या कथेचे, एकाला एक जोडलेले. मी एव्हाना वही घातली होती, कारण जपानी नावं लक्षात राहीनात. त्या वहीत मोजलं तर सव्वीसांपैकी चौदा 'एसए' आणि बारा 'सी' भरले. चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागात मोठी कथा सुरू होते, नवव्यात आणि अकराव्यात डोकावते, आणि मग एकदम गडप होते ती थेट विसाव्या भागातच वर येते. मधले आठ भाग सुटे! बाराव्यापासून मी रोज विचारायची, "अगं, त्या हसऱ्या माणसाचं काय झालं?" आणि नात म्हणायची, "थांब."

आपल्या रोजच्या मालिकांत, मग त्या मराठी असोत की कन्नड, असं कुणी करून दाखवावं! तिथे सुनेने दुधाचं पातेलं खाली ठेवलं तरी सासूचा चेहरा तीनदा दिसतो, ढोल वाजतात आणि उर्वरित भाग उद्या. माणूस उद्या परत यावा म्हणून त्याला टांगून ठेवायचं, हा आपला रिवाज. इथे बरोबर उलटा. प्रेक्षक स्वतःहून परत येईल असं गृहीत धरलेलं, आणि आल्यावर त्याला मागचं आठवत असेल असंही. 'मागील भागात आपण पाहिलंत' असं कुणी म्हणत नाही. आधीच्या एखाद्या भागातलं वाक्य बऱ्याच पुढे उपयोगी पडतं, आणि पडलं हेही कुणी सांगत नाही.

दुसरा भाग 'एसए' खुणेचा आहे. त्याची गोष्ट सांगते.

लष्करासाठी बनवलेला एक रणगाडा चाचणीच्या मैदानावरून पळून जातो. कोळ्यासारखे पाय असलेला, अजस्र. आत माणूस नाही. तो हमरस्त्याने शहराच्या दिशेने निघतो आणि वाटेत येईल ते बाजूला सारत जातो. मेजर आणि तिचं पथक, 'विभाग नऊ', त्याच्या मागे लागतं. तपासात निघतं ते असं. रणगाड्याचा आराखडा करणारा कागो नावाचा तरुण आठवड्याभरापूर्वी आजाराने वारला आहे. शरीर बदललं असतं तर तो जगला असता, पण आईवडिलांचा धर्म तशा शरीराला परवानगी देत नव्हता. मरण्याआधी त्याने मित्राकडून वचन घेतलं होतं, आणि मित्राने त्याचा मेंदू रणगाड्याला जोडून दिला होता. रणगाडा निघाला होता आपल्या घरी.

शेवटी तो घरापाशी पोचतो. आईवडील समोर उभे आहेत. तो हलतो, आणि तो गोळी झाडणार असं वाटून मेजर त्याचा मेंदू जाळून टाकते. त्या क्षणाला त्याच्या मनातलं काहीतरी तिच्या मनात शिरतं. त्याला आईला आपलं पोलादी अंग दाखवायचं होतं. बघ, कसा दिसतोय मी. तो अभिमान होता की सूड, हे भाग उलगडून सांगत नाही. आई रडते का, बाप काय म्हणतो, त्यांना पश्चात्ताप झाला का, काही नाही. भाग संपला. आणि लगेच पाठोपाठ मिनिटभराचा एक विनोदी तुकडा येतो, ताचिकोमा नावाच्या यंत्रांचा. प्रत्येक भागाच्या शेवटी तो असतोच. नात हसली. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मला एक थोरली बहीण होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून तिच्या हृदयाची झडप खराब झाली. पुढे पुढे तिला जिना चढवेना. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, वेल्लोरला नाहीतर मुंबईला न्या, आता बनवलेली झडप बसवतात. माझे वडील शहापुरात एका साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहीत. पैसा नव्हता हे खरं. पण पैशाची सोय मामांनी करायची ठरवली होती, हेही खरं. वडील म्हणाले, देवाने दिलेल्या देहात असलं काही बसवायचं नाही. पोरीच्या छातीत लोखंड टकटक करणार, आणि तिने तसं जगायचं? १९७९ साली अक्का गेली. तेवीस वर्षांची होती.

घरात याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. माझी आई माहेरची धारवाडकडची. मनाला लागेल असं काही झालं की ती कन्नडवर जायची. मी एकदा, लग्न ठरल्यावर, धीर करून विषय काढला तर एवढंच म्हणाली, "होगली बिडु." वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९९६ साली झालं. डोळ्यात भिंग बसवायचं होतं. त्यासाठीच्या कागदावर सही करताना त्यांचा हात थांबला. पेन टेकवलेलं, शाई पसरायला लागलेली. मी शेजारीच होते. मग त्यांनी सही केली. ते काय आठवत होते हे मी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटलं, कालचाच भाग परत लाव. "का?" "लाव तर." दुसऱ्यांदा पाहताना मी गोष्टीकडे पाहिलं नाही, ती कशी सांगितली आहे तिकडे पाहिलं. आईवडिलांच्या तोंडी जवळजवळ काहीच दिलेलं नाही. त्यांना खलनायक करणं किती सोपं होतं. दुसऱ्या कुणी केली असती तर ही गोष्ट धर्मवेड्या बापाची झाली असती आणि शेवटी त्याने गुडघे टेकले असते. इथे गोष्ट पोलीस तपासाच्या अंगाने चालते. रणगाडा कुठे पोचला, तो कसा अडवायचा, चिकट द्रव्य फवारून पाय जखडतात का, याचीच सगळी धावपळ. त्या धावपळीत एक मुलगा घरी जातो आहे हे आपल्या हळूहळू लक्षात येतं. ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त वजन, तिला सगळ्यात कमी शब्द. ही या मालिकेची रीतच आहे असं मला पुढे दिसत गेलं.

चौथा भाग घ्या. तोगुसा हा या पथकातला आमच्यासारखा माणूस. पोलीस खात्यातून आलेला, बायको-लेकरांचा, मेंदूतलं यंत्र सोडलं तर अंग सगळं जन्माचं, आणि हातात जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर. अशा कथेत एक साधा माणूस ठेवावा लागतो, म्हणजे प्रेक्षकाला त्याच्या खांद्यावरून बघता येतं. त्याचा पोलिसातला मित्र रस्त्यावरच्या अपघातात मरतो आणि मागे काही फोटो ठेवून जातो. तोगुसा ते फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसतो. काय शोधतोय हे त्यालाही माहीत नाही. मग त्याच्या लक्षात येतं की ते कॅमेऱ्याने काढलेलेच नाहीत. पोलिसांच्याच डोळ्यांत त्यांच्या नकळत बसवलेल्या यंत्राने ते टिपलेले आहेत. इथून मोठी कथा सुरू होते.

सायबरपंक म्हणून जो कथाप्रकार आहे, त्याचे काही ठरलेले संकेत आहेत. हा शब्द रूढ झाला १९८०च्या दशकात. विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी १९८४ ची, 'ब्लेड रनर' हा चित्रपट १९८२ चा, जपानमध्ये कात्सुहिरो ओतोमो यांचा 'आकिरा' १९८८ चा. रात्र, पाऊस, रंगीत दिव्यांच्या पाट्या, सरकारहून बलाढ्य कंपन्या, आणि त्यांच्याशी झुंजणारा कुणी एकटा, बहुधा कायद्याबाहेरचा. या मालिकेत कंपन्या आहेत, यंत्रं आहेत, पण नायक कायद्याबाहेरचे नाहीत. ते सरकारी नोकर आहेत. त्यांचा म्हातारा साहेब आरामाकी मंत्र्यांच्या दारात बसून परवानगीची वाट पाहतो, दुसऱ्या खात्याशी भांडतो, बजेट मागतो. आमचे हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आधी मालिकेकडे ढुंकूनही पाहत नव्हते, पण आरामाकी दिसला की पेपर खाली ठेवायचे. "हा माणूस खरा आहे," म्हणाले.

ताचिकोमांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. ही निळी, गोलसर, चाकं लावलेल्या पायांची लढाऊ वाहनं. आवाज लहान मुलांचा. दर रात्री त्यांच्या आठवणी एकमेकांत मिसळून एकसारख्या करतात, म्हणजे एकाने दिवसभरात पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा हा आणि तो असा फरक त्यांच्यात राहायलाच नको. पण बातो नावाचा धिप्पाड माणूस आपल्या आवडत्या एकाला नैसर्गिक तेल पाजतो. लाडाने. आणि फरक पडायला लागतो.

बाराव्या भागात एक ताचिकोमा परवानगी न घेता शहरात फिरायला जातो. त्याला एक लहान मुलगी भेटते, हरवलेला कुत्रा शोधणारी. कुत्रा मेलेला आहे हे शेवटी कळतं. हा भाग मला लहान मुलांचा वाटला होता. पंधराव्यात ही यंत्रं आपसात चर्चा करतात: आपण प्रश्न विचारायला लागलो म्हणून माणसं घाबरली आहेत, आपल्याला मोडीत काढतील, तेव्हा आता वेड्याचं सोंग घ्यावं हे बरं. ऐकताना हसू येतं, मग येईनासं होतं. मेजर त्यांना कामावरून काढतेच. चूकही म्हणवत नाही. हत्यार जर विचार करायला लागलं तर काय करायचं? आणि पंचविसाव्या भागात, मोठ्या कथेच्या ऐन टोकाला, बातो एकटा कोंडीत सापडलेला असताना उरलेले तीन ताचिकोमा न बोलावता येतात आणि त्याच्यासाठी संपतात.

तेव्हा मला वहीतल्या आठ सुट्या भागांचा अर्थ लागला. ते सुटे नव्हतेच. नुसत्या मोठ्या कथेत हे मरण दोन मिनिटांचं झालं असतं. पण आपण ती यंत्रं खेळताना पाहिली, कुत्रा शोधताना पाहिली, दर भागाच्या शेवटी मिनिटभर हसलो. नातीने तो भाग याआधी दोनदा पाहिला होता. तरी तिने चेहऱ्यावर उशी घेतली.

त्याच बाराव्या भागाच्या उत्तरार्धात आणखी एक गोष्ट आहे, मला सगळ्यात आवडलेली. ताचिकोमाने रस्त्यावरून उचलून आणलेल्या एका पेटीत कुणा चित्रपट दिग्दर्शकाचा मेंदू असतो. त्यात जो मनाने शिरतो तो परत येत नाही. मेजर शिरते. आत एक जुनं चित्रपटगृह आहे. प्रेक्षक बसले आहेत, तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताहेत, रडताहेत. बाहेर पडावंसं कुणाला वाटत नाही. मेजरही पाहते आणि तिच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. तो चित्रपट आपल्याला दाखवत नाहीत. एक चौकटही नाही. मेजर उठते आणि दिग्दर्शकाला सांगते की चित्रपट चांगला आहे, पण दुसऱ्याच्या स्वप्नात कायमचं बसून राहणं म्हणजे न जगण्यासारखंच. दाखवला असता तर आपण म्हटलं असतं, हं, बरा आहे. न दाखवल्यामुळे मी आजही तो चित्रपट मनात लावून पाहते. दरवेळी वेगळा असतो.

आता तो हसरा माणूस. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

कथेतल्या फेब्रुवारी २०२४ मध्ये एक तरुण एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाला कॅमेऱ्यासमोर पिस्तूल दाखवून खरं बोलायला सांगतो. (२००२ साली हे लिहिणाऱ्यांना २०२४ किती लांब वाटलं असेल! आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरून ते साल कधीच उतरलं.) त्या क्षणी तिथल्या साऱ्यांच्या यंत्रमेंदूत शिरून तो आपल्या चेहऱ्याच्या जागी टोपीवाल्या हसऱ्या चेहऱ्याचं एक चित्र चिकटवतो. मग त्या चित्राच्या आडून कितीतरी गुन्हे होतात, खंडण्या मागितल्या जातात. पोलीस एका माणसाला शोधत असतात आणि माणसं निघत जातात अनेक. एकमेकांना न ओळखणारी, प्रत्येक जण स्वतःला हसरा माणूस समजणारा. त्यामागे दडलेलं कारण साधं आणि घाण आहे: एका रोगावरची गुणकारी लस दाबून टाकून महागडा यांत्रिक उपचार लोकांच्या माथी मारलेला. आणि तो मूळ तरुण, आओई, तरी मूळ आहे का? त्यालाही दुसऱ्याच कुणाचं एक धमकीचं पत्र सापडलं होतं, त्यावरून त्याने हे उचललं. सगळ्या नकला, आणि अस्सल कुठेच नाही. मालिकेचं नाव यावरूनच आहे. एकेकटी माणसं, कुणी न ठरवता, एकच गोष्ट करू लागतात.

हे नाव आलं जे. डी. सॅलिंजर यांच्याकडून. चेहऱ्याभोवती फिरणारं इंग्रजी वाक्य त्यांच्या १९५१ च्या 'द कॅचर इन द राय' या कादंबरीतलं. पण 'द लाफिंग मॅन' ही त्यांची एक लघुकथाही आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. १९२८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये एक तरुण शाळकरी मुलांना बसमधून खेळायला नेतो आणि रोज एका विद्रूप चेहऱ्याच्या, मुखवटा घालणाऱ्या डाकूची गोष्ट क्रमशः सांगतो. मुलं त्या गोष्टीवर जगतात. मग तरुणाचं प्रेम मोडतं, आणि त्या दिवशीच्या भागात तो डाकूला मारून टाकतो. मुलांना कारण कळत नाही. गोष्ट सांगणाऱ्याचं दुःख गोष्टीत उतरलं एवढंच घडतं. क्रमशः गोष्टीवर लिहिलेली इतकी चांगली गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. नातीने ती वाचली नव्हती. मी माझ्या कपाटातलं जुनं पुस्तक काढून दिलं. निदान एक गोष्ट मी तिला दिली.

मालिकेत सगळंच मला रुचलं असं नाही. मेजरचे पहिल्या मालिकेतले कपडे शेवटपर्यंत पटले नाहीत. एवढी कर्तबगार अधिकारी, आणि कचेरीत पोहण्याच्या पोशाखात! नात म्हणाली, दुसऱ्या मालिकेत जरा सुधारलंय. नववा भाग म्हणजे पडद्यावर गोल बसून माणसं हसऱ्या माणसाविषयी नुसती वाद घालतात. मला पंधराव्या मिनिटाला डुलकी लागली. नात म्हणते तोच तिचा सर्वांत आवडता. शेवटच्या भागात पुस्तकालयात बसून मोठमोठ्या विचारवंतांची नावं घेत जी चर्चा होते, तीही जडच. इतका वेळ न बोलता सांगणारी मालिका शेवटी बोलायला का लागते, कळत नाही. असो.

सव्वीसावा भाग संपला त्या रात्री लाइट गेले होते. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. प्लॅस्टर निघायला चार दिवस होते. नात म्हणाली, "अज्जी, दुसरा भाग तू दोनदा का पाहिलास?"

मी तिला अक्काची गोष्ट सांगितली. जेवढी घडली तेवढीच. वडिलांचं म्हणणं, मामांचे पैसे, आईचं होगली बिडु, सहीच्या कागदावर पसरलेली शाई. पणजोबा चुकले का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते अक्काला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचे, कारण आडवं झालं की तिला धाप लागायची. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या बापालाही नाही. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तिचा फोटो आहे?" होता. ट्रंकेत, माझ्या लग्नातल्या शालूखाली. बॅटरीच्या उजेडात आम्ही तो काढला. आता तो बाहेरच्या खोलीत, आईवडिलांच्या फोटोशेजारी आहे.

दुसरी मालिका, 'सेकंड गिग', २००४ ची, तीही सव्वीस भागांची. निर्वासितांची आणि त्यांच्याभोवती मुद्दाम पेटवलेल्या रागाची. ती आम्ही रविवारी रात्री पाहतो, ती बेंगळुरूत आणि मी इथे, फोन कानाला लावून एकाच वेळी सुरू करायची. चौदाव्या भागापर्यंत आलो होतो. पण गेल्या रविवारी फोनवर सून आली. म्हणाली, "अत्ते, तुम्ही दोघी रोज काय कुजबुजता? मलाही बघायचंय, पण पहिल्यापासून." म्हणून या रविवारपासून पुन्हा पहिली मालिका, पहिला भाग. दुसरा पुढच्या रविवारी.